एकच मैदान, पहिली रात्र आणि शेवटची रात्र: इगोर स्टिमॅक यांच्या भारतीय कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

दोहामधील जसीम बिन हमाद स्टेडियमवर इगोर स्टिमॅक यांचा भारतीय संघ कतारशी तीन वेळा खेळला. १० सप्टेंबर २०१९ रोजी सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, ३ जून २०२१ रोजी भारत एका गोलने हरला, आणि ११ जून २०२४ रोजी आघाडी हातात असताना भारताने सामना १-२ असा गमावला. पहिल्या निकालाने या क्रोएशियन प्रशिक्षकाविषयी देशभर विश्वास निर्माण केला. तिसऱ्यानंतर सहाच दिवसांनी, १७ जून २०२४ रोजी, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना पदावरून दूर केले. त्यांच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत ५३ सामने आणि चार करंडक आहेत. १९ विजय, १४ बरोबरी आणि २० पराभव असा त्यांचा हिशेब आहे. योगायोग असा की खेळाडू म्हणून क्रोएशियाच्या राष्ट्रीय संघाकडूनही ते ५३ सामनेच खेळले होते.

स्टिमॅक चांगले प्रशिक्षक होते की वाईट, या वादात आपल्याकडे बरीच शाई खर्च झाली आहे. या लेखाचा प्रश्न वेगळा आहे. ज्या संघाने आशियाई विजेत्यांना त्यांच्याच मैदानावर नव्वद मिनिटे रोखून धरले, तोच संघ पाच वर्षांनी एका साध्या पात्रता गटातून पुढे का जाऊ शकला नाही? माझ्या मते याचे उत्तर गोल अडवण्यात नसून गोल करण्यात आहे, आणि त्यातला काही भाग प्रशिक्षकाच्या घडणीत, तर मोठा भाग आपल्या लीगच्या रचनेत सापडतो.

बचावपटूची घडण

स्टिमॅक यांचा जन्म ६ सप्टेंबर १९६७ रोजी मेटकोविच येथे झाला. दक्षिण क्रोएशियातील नेरेट्वा नदीकाठचे हे गाव तेव्हा युगोस्लाव्हियात होते. ते वाढले हायदुक स्प्लिट या क्लबमध्ये आणि खेळले मध्यवर्ती बचावपटू म्हणून. १९८७ मध्ये चिलीत युवा विश्वचषक जिंकणाऱ्या युगोस्लाव्हियाच्या संघात ते होते. त्याच संघातील बोबान, शुकर, प्रोसिनेच्की, यार्नी ही मंडळी अकरा वर्षांनी क्रोएशियाच्या जर्सीत फ्रान्समधील विश्वचषकात दिसली.

त्यांच्या स्वभावाची ओळख पटवणारा सामना मात्र ८ मे १९९१ चा आहे. बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्ह चषकाची अंतिम लढत होती आणि समोर रेड स्टार हा बलाढ्य क्लब होता. त्याच्या सहाच दिवस आधी बोरोवो सेलो येथे बारा क्रोएशियन पोलीस मारले गेले होते आणि देश फुटण्याच्या उंबरठ्यावर होता. हायदुकने अलेन बोकशिचच्या एकमेव गोलवर चषक जिंकला, पण त्या सामन्यात स्टिमॅक आणि रेड स्टारचा सिनिसा मिहायलोविच एकमेकांना भिडले आणि दोघांनाही बाहेर काढण्यात आले. मिहायलोविच व्हुकोव्हारचा, म्हणजे ज्या परिसरात ती हत्या झाली तिथलाच. या भांडणाला नुसते खेळातले भांडण म्हणणे शक्य नाही, आणि दोघांनीही ते पुढे वर्षानुवर्षे मनात ठेवले.

स्पेनमधील कादिझमार्गे १९९५ मध्ये स्टिमॅक इंग्लंडच्या डर्बी काउंटी क्लबमध्ये आले. पहिल्याच सामन्यात ट्रॅनमियर रोव्हर्सकडून डर्बीचा १-५ असा धुव्वा उडाला, आणि डर्बीचा तो एक गोल स्टिमॅक यांचा होता. त्यानंतर संघ सलग वीस सामने हरला नाही आणि हंगामाच्या अखेरीस प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. बचावाची फळी एका माणसाच्या येण्याने कशी सावरते, याचा हा नमुना डर्बीचे जुने प्रेक्षक आजही सांगतात. पुढे ते वेस्ट हॅमकडून खेळले आणि हायदुकमध्ये परतून निवृत्त झाले.

राष्ट्रीय संघाकडून खेळताना त्यांच्या वाट्याला एक कडू आठवण आणि एक अत्यंत गोड आठवण आली, आणि दोन्ही वेळा समोर जर्मनी होती. २३ जून १९९६ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर युरो स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत सामना १-१ असा बरोबरीत असताना त्यांना दुसरे पिवळे कार्ड मिळाले. ते मैदानाबाहेर गेले आणि काही मिनिटांतच मथियास सामरने निर्णायक गोल केला. दोन वर्षांनी विश्वचषकात क्रोएशियाने त्याच जर्मनीला ३-० असे हरवले, उपांत्य फेरीत यजमान फ्रान्सकडून १-२ असा पराभव पत्करला आणि नेदरलँड्सला २-१ असे नमवून तिसरे स्थान मिळवले. नवजात देशाच्या पहिल्याच विश्वचषकातील त्या फळीचा स्टिमॅक हा कणा होता.

क्रोएशियाचे पंधरा महिने

हायदुक, सिबालिया आणि झाग्रेब या क्लबांचे काम केल्यानंतर जुलै २०१२ मध्ये स्टिमॅक क्रोएशियाचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. १९९८ च्या फळीतील त्यांचा सोबती स्लावेन बिलिच याची जागा त्यांनी घेतली. २०१४ च्या विश्वचषकासाठीच्या पात्रता गटात बेल्जियम, सर्बिया, स्कॉटलंड, वेल्स आणि मॅसेडोनिया होते. पहिल्या सहा सामन्यांत क्रोएशियाने पाच विजय आणि एका बरोबरीसह १६ गुण मिळवले. त्यातील २२ मार्च २०१३ चा सर्बियाविरुद्धचा सामना झाग्रेबच्या मॅक्सिमिर स्टेडियमवर पाहुण्या प्रेक्षकांना प्रवेश न देता खेळवावा लागला. सर्बियाचे प्रशिक्षक होते तेच मिहायलोविच. बेलग्रेडमध्ये एकमेकांच्या अंगावर धावून गेलेल्या या दोघांनी बावीस वर्षांनी हस्तांदोलन केले, आणि क्रोएशियाने मांडझुकिच आणि ओलिच यांच्या गोलांवर सामना २-० असा जिंकला. माझ्या दृष्टीने ती स्टिमॅक यांच्या प्रशिक्षक-कारकिर्दीतील सर्वांत सुंदर संध्याकाळ आहे.

त्यानंतर घसरण सुरू झाली. स्कॉटलंडने झाग्रेबमध्ये येऊन हरवले, बेलग्रेडमध्ये बरोबरी झाली, बेल्जियमने झाग्रेबमध्येच १-२ असे हरवले आणि १५ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्लासगोत स्कॉटलंडने पुन्हा ०-२ अशी मात दिली. चार सामन्यांत एक गुण. पहिल्या सहा सामन्यांत दहा गोल करणाऱ्या संघाने या चार सामन्यांत दोनच केले. गटात दुसरे स्थान टिकले, पण स्टिमॅक यांचे पद गेले. निको कोवाच आले आणि प्ले-ऑफमध्ये आइसलँडला हरवून क्रोएशिया ब्राझीलला गेली. दहा आणि दोन गोलांचा हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण भारतातही तोच आलेख आणखी मोठ्या मापाने उमटला.

दोहा, सप्टेंबर २०१९

इराणमधील सेपहान आणि कतारमधील अल शहानिया या क्लबांचे काम आटोपल्यावर १५ मे २०१९ रोजी स्टिमॅक यांची भारताच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. जानेवारीत आशियाई चषकानंतर स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी पद सोडले होते. नव्या प्रशिक्षकाचा पहिला सामना ५ जून रोजी थायलंडमधील किंग्ज चषकात कुरासाव या कॅरिबियन बेटाच्या संघाविरुद्ध झाला आणि भारत १-३ असा हरला, पण त्याच सामन्यात मुंबईचा राहुल भेके, गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस आणि केरळचा सहल अब्दुल समद यांनी भारताकडून पदार्पण केले. लांब चेंडू मारून धावण्याऐवजी मागून पासेस जोडत येण्याचा आग्रह नव्या प्रशिक्षकाने पहिल्या दिवसापासून धरला. जुलैत अहमदाबादमध्ये ताजिकिस्तानने चार आणि उत्तर कोरियाने पाच गोल मारले, तरी तो आग्रह सुटला नाही.

सप्टेंबरमध्ये २०२२ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी सुरू झाली. गुवाहाटीत ओमानविरुद्ध कर्णधार सुनील छेत्रीच्या गोलने आघाडी मिळाली आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाऊन ती गेली. पाच दिवसांनी दोहाला जायचे होते, आणि तापामुळे छेत्री खेळू शकत नव्हता. कतारने त्याच आठवड्यात अफगाणिस्तानला सहा गोलांनी लोळवले होते.

त्या रात्रीची भारताची बचावफळी मराठी आणि कोकणी वाचकांनी मुद्दाम आठवावी अशी आहे. उजवीकडे राहुल भेके, मध्ये संदेश झिंगनसोबत गोव्याचा आदिल खान, डावीकडे गोव्याचाच मंदार राव देसाई, आणि त्यांच्या पुढे ढाल म्हणून गोव्याचा रोलिन बोर्जेस. आदिल खान मूळचा मध्यरक्षक, सात वर्षांच्या खंडानंतर राष्ट्रीय संघात परतलेला. कर्णधाराची पट्टी गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूच्या दंडावर होती. कतारने पंचवीसहून अधिक फटके मारले. गुरप्रीतने एकामागून एक अडवले, झिंगन आणि आदिलने अंगावर घेतले, आणि शेवटी शेवटी उदांता सिंगचा एक फटका असा गेला की क्षणभर भारत जिंकेल की काय असे वाटले. शिट्टी वाजली तेव्हा फलकावर ०-० होते. वर्षभरात आशियाई चषक जिंकलेल्या आणि पुढचा विश्वचषक भरवणाऱ्या संघाकडून एक गुण खेचून आणला गेला होता. डर्बीत जे घडले होते तेच इथे घडले: एका बचावपटूने फळी उभी केली.

त्या एका गुणाचे पुढे काय झाले हे मात्र पाहायला हवे. कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध आदिल खानने ८८ व्या मिनिटाला हेडर मारला म्हणून बरोबरी झाली, दुशान्बेत अफगाणिस्तानविरुद्ध भरपाई वेळेत सेमिनलेन डुंगेलने गोल केला म्हणून पुन्हा बरोबरी. आठ सामन्यांच्या त्या पात्रता फेरीत भारताने एकूण सहा गोल केले. त्यातील तीन छेत्रीचे, एक अफगाण गोलरक्षकाचा स्वयंगोल, आणि उरलेले दोन हे असे शेवटच्या क्षणी आलेले.

छेत्रीचा आधार

२०२१ ते २०२३ हा काळ स्टिमॅक यांच्या यशाचा काळ आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मालदीवमध्ये नेपाळला ३-० असे हरवून सॅफ ही दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा जिंकली. जून २०२२ मध्ये कोलकात्यात कंबोडिया, अफगाणिस्तान आणि हाँगकाँग यांना ओळीने हरवून आशियाई चषकात प्रवेश मिळवला. २०२३ मध्ये इम्फाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरचा इंटरकाँटिनेंटल चषक आणि बेंगळुरूची सॅफ स्पर्धा असे तीन करंडक एका वर्षात आले. जुलै २०२३ मध्ये भारत फिफा क्रमवारीत ९९ व्या स्थानी पोहोचला.

परंतु गोल कोणी केले हे पाहिले की चित्र पालटते. २०२१ च्या सॅफमध्ये छेत्रीचे पाच गोल, कोलकात्यातील तीन सामन्यांत आठपैकी चार, २०२३ च्या सॅफमध्ये पुन्हा पाच. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. भारताच्या क्लबांनी त्याच्यामागे दुसरा मध्यवर्ती आघाडीपटू घडवलाच नाही, कारण इंडियन सुपर लीगमध्ये त्या जागेवर बहुधा परदेशी खेळाडू उतरतो आणि भारतीय मुलाला बाजूला, विंगवर पाठवले जाते. मनवीर सिंग, लल्लियानझुआला छांगते, उदांता ही सगळी मुले धावणारी, कडेने आत शिरणारी. पेनल्टी क्षेत्रात गोलकडे पाठ करून चेंडू अडवणारा, अर्ध्या क्षणात वळणारा माणूस भारताकडे एकच होता. स्टिमॅक यांनी हे जाहीरपणे अनेकदा सांगितले, आणि परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना खेळू देण्याची मागणीही वारंवार केली. दुहेरी नागरिकत्वाला आपल्या कायद्यात जागा नसल्याने ती मागणी महासंघाच्या हातातली नव्हती. म्हणून मला त्या मागणीत वेळ गेला असे वाटते. त्याऐवजी मनवीर किंवा अन्य कोणाला सलग पंधरा-वीस सामने त्या एकाच जागेवर खेळवून पाहण्याचा धीर प्रशिक्षकाने दाखवायला हवा होता. छेत्री उपलब्ध असेपर्यंत तो धीर कोणालाच झाला नाही, आणि हा त्यांचा खरा दोष आहे.

त्यांच्या तापट स्वभावाची झळही याच काळात दिसली. २१ जून २०२३ रोजी बेंगळुरूत पाकिस्तानविरुद्ध भारत आघाडीवर असताना थ्रो-इन घ्यायला निघालेल्या प्रतिस्पर्ध्याच्या हातातून त्यांनी चेंडू काढून घेतला आणि लाल कार्ड ओढवून घेतले. एका सामन्याची बंदी भोगून ते परतले आणि कुवेतविरुद्ध पुन्हा बाहेर गेले. या वेळी बंदी दोन सामन्यांची होती. त्यामुळे लेबननविरुद्धची उपांत्य लढत आणि कुवेतविरुद्धची अंतिम लढत, दोन्ही वेळा बाकावर सूत्रे होती ती गोव्याच्या महेश गवळी यांच्याकडे. स्वतः भारताचे भक्कम बचावपटू राहिलेल्या गवळींनी दोन्ही सामने पेनल्टी शूटआउटपर्यंत नेऊन जिंकून दाखवले. ४ जुलैच्या रात्री गुरप्रीतने शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा मुख्य प्रशिक्षक मैदानाच्या कडेला नव्हते. ओल्ड ट्रॅफर्डवरील १९९६ चा प्रसंग ज्यांना आठवतो, त्यांना हे नवीन वाटले नसेल.

२०२२ आणि २०२३ मधील दोन्ही यशांच्या आधी लांब शिबिरे झाली होती. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकाआधी तसे झाले नाही. स्टिमॅक यांनी किमान चार आठवडे मागितले होते. लीगचे सामने डिसेंबरच्या अखेरीपर्यंत चालले आणि १३ जानेवारीला ऑस्ट्रेलिया समोर उभी होती. अन्वर अली, जीकसन सिंग आणि आशिक कुरुनियन दुखापतींमुळे नव्हते. भारत ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असा हरला. तीन सामन्यांत एकही गोल नाही. शिबिराची तक्रार रास्त होती, हे मी मानतो. पण गोलांचा दुष्काळ शिबिराने मिटला असता असे मला वाटत नाही.

सहा सामने, तीन गोल

२०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रतेतील दुसरी फेरी ही स्टिमॅक यांच्या कारकिर्दीची कसोटी होती. गटात कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान. दोन संघ पुढे जाणार होते, आणि भारताला इतका अनुकूल गट क्वचितच मिळाला असेल. सुरुवात उत्तम झाली: १६ नोव्हेंबर २०२३ रोजी मनवीरच्या गोलने कुवेतमध्ये जाऊन विजय मिळवला. त्यानंतर भुवनेश्वरला कतारकडून ०-३, सौदी अरेबियातील आभा येथे अफगाणिस्तानशी ०-०, आणि २६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२. तो छेत्रीचा १५० वा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि त्याच्या पेनल्टीनेच भारत पुढे गेला होता. ज्या संघातील अनेक प्रमुख खेळाडूंनी आपल्या संघटनेशी वादामुळे खेळण्यास नकार दिला होता, त्या संघाकडून मायदेशात हरणे हा या प्रकरणातील सर्वांत जड पराभव आहे. दोहातील वादग्रस्त गोलविषयी बोलताना गुवाहाटी विसरता कामा नये.

६ जून रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर छेत्री निरोपाचा सामना खेळला. भरलेले मैदान, ओले डोळे, आणि कुवेतविरुद्ध ०-०. जिंकायलाच हवे होते, आणि गोल झाला नाही. ९४ गोलांवर छेत्री थांबला.

पाच दिवसांनी पुन्हा जसीम बिन हमाद स्टेडियम. कर्णधार पुन्हा गुरप्रीत. कतार आधीच पुढे गेलेला असल्याने तरुण संघ घेऊन उतरला होता. ३७ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने डावीकडून चेंडू आत दिला आणि छांगतेने तो जाळीत मारला. भारत १-०. हा निकाल टिकला असता तर भारताचे आठ गुण झाले असते आणि इतिहासात प्रथमच तिसरी फेरी गाठली असती.

७३ व्या मिनिटाला कतारला फ्री किक मिळाली. चेंडू उंच आला, युसेफ आयमनने डोके लावले, गुरप्रीतने खाली झोकून तो अडवला. चेंडू त्याच्या अंगाखालून निसटून गोलखांबाच्या बाजूने अंतिम रेषेपलीकडे गेला. गुरप्रीत जमिनीवरच होता, आता कॉर्नर मिळणार या समजुतीत. तेवढ्यात अल हाशमी हुसेनने पायाने तो रेषेबाहेरून आत ओढला आणि आयमनने जाळीत ढकलला. भारतीय खेळाडू हात वर करून पंचांकडे धावले. दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल दिला. या फेरीत व्हिडिओ पंचाची सोय नव्हती. ८५ व्या मिनिटाला अहमद अल रावीने दुसरा गोल केला. त्याच संध्याकाळी कुवेतने अफगाणिस्तानला १-० असे हरवले आणि सात गुणांसह पुढे गेला. भारत पाच गुणांवर थांबला.

तो गोल चुकीचा होता आणि त्याने भारतीय खेळाडूंवर अन्याय झाला, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र सहा सामन्यांत तीन गोल, त्यांतला एक पेनल्टीवर, एवढ्या तुटपुंज्या शिलकीवर जगणाऱ्या संघाला पंचाची एक चूक बुडवते. गुवाहाटीत एक जास्त गोल झाला असता किंवा कोलकात्यात एक झाला असता, तर त्या रात्री दोहात फार वेगळा सामना खेळला गेला असता.

पदमुक्ती आणि पुढे

महासंघाने त्यांना काढले तेव्हा क्रमवारी १२१ वर घसरलेली होती, आणि जेमतेम आठ महिन्यांपूर्वी त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवलेला होता. स्टिमॅक यांनी पत्रकार परिषद घेऊन महासंघाच्या नेतृत्वावर उघड टीका केली, फिफाकडे दाद मागण्याचा इशारा दिला, आणि अखेर सुमारे ४ लाख डॉलरच्या तडजोडीवर वाद मिटला. निकालांच्या आधारे त्यांना दूर करणे समर्थनीय होते. मुदतवाढ देताना आशियाई चषकाची वाट न पाहणे ही महासंघाची चूक होती आणि तिची किंमत पैशांत मोजावी लागली.

त्यांच्या जागी आलेले मनोलो मार्केझ हे एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. दोन्ही कामे एकाच वेळी सांभाळताना त्यांना राष्ट्रीय संघासह एकच विजय मिळवता आला, आणि त्या विजयासाठी मार्च २०२५ मध्ये चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावे लागले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या मैदानांवर घडलेले खालिद जमील प्रशिक्षक झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरविरुद्ध आशियाई चषकाच्या पात्रतेचा सामना होता. छांगतेने १४ व्या मिनिटाला भारताला आघाडी मिळवून दिली. सामना संपला तेव्हा फलकावर १-२ होते, आणि छेत्री अजूनही संघात होता.